डिचोलीतल्या हिशेबकाकांची शिकवणी: सहा महिन्यांचा अनुभव

एप्रिलमध्ये गोव्यात मयेला घरच्याघरी कोकमाचं आगळ, सोलं आणि फणसाचे पापड करून विकायला लागले. तेव्हा माझा हिशेब म्हणजे फ्रिजवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या नि मोबाईलवरचे यूपीआयचे मेसेज. नणंदेने डिचोलीतल्या एका निवृत्त हिशेबनीसांकडे पाठवलं. महिन्याला 1,200 रुपये, आठवड्यातून एकदा तासभर. धंद्यात केलेला हा माझा सगळ्यात चांगला खर्च.

काका वह्या लिहून देत नाहीत, आपल्याकडून लिहून घेतात. पहिल्याच दिवशी रोजकीर्द (रोजचे व्यवहार टिपायची वही) नि खतावणी (तेच खात्यांप्रमाणे मांडायची वही) आणायला लावल्या. मी घातलेले 60,000 रुपये रोकड खाते नावे, भांडवल खाते जमा, म्हणजे धंद्याने मला द्यायचे. "माझेच पैसे, मग धंदा माझं देणं कसं लागतो?" मी विचारलं. "बाय, धंदा वेगळा, तू वेगळी." हे पटायला दोन आठवडे गेले. मग लेकाची फी, घरचं वाणसामान, जे जे गल्ल्यातून जायचं ते उचल खात्यावर पडू लागलं. मे संपता संपता कळलं, नफा समजून मी 9,000 रुपये घरात खर्च केले होते, आणि त्यातले निम्मे बरणीवाल्याला द्यायचे होते.

बरण्यांचंच बिल घ्या. 4,000 रुपये, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 720. माझी उलाढाल 40 लाखांच्या जवळपासही नाही, म्हणून नोंदणी नाही नि हा कर परत मिळत नाही. बरण्या पडल्या 4,720 ला. मी आगळाचा भाव 4,000 धरून काढत होते!

जूनअखेर तेरीज काढली, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे नि जमा बाकींची बेरीज ताडून पाहिली, तर दोन बाजूंत 180 चा फरक. मला रडू यायचं बाकी होतं. काकांनी वही हातातही घेतली नाही. "180 ला नऊने भाग जातो ना? मग बहुतेक आकडे उलटे पडलेत. शोध." तासाभराने सापडलं: म्हापशाच्या एका गिऱ्हाइकाच्या खात्यावर 2,750 चे 2,570 झाले होते. चुकलेल्या आकड्यावर एक रेघ, वर बरोबर आकडा, शेजारी सही. पांढरी शाई चालत नाही.

तक्रार एकच. वार बदलून देत नाहीत. माझा शुक्रवार ठरला, आणि शुक्रवारी म्हापशाचा बाजार. दोन तास बुडाले, त्याचे पैसे गेले. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअरही शिकवत नाहीत, ते दुसरीकडे शिकावं लागेल.

कळंगुटच्या एका दुकानात 'विकेल तसे पैसे' या बोलीवर ठेवलेल्या 40 बाटल्या मी विक्रीत धरल्या होत्या. काकांनी उलट नोंद करायला लावली, विकला जाईपर्यंत माल आपलाच म्हणून. सप्टेंबरात त्यातल्या 17 परत आल्या. साठ्याच्या वहीत त्या होत्याच.