थंडी दिलेले लिलीचे कंद : एका हंगामाचा अनुभव

वर्धा जिल्ह्यातील आमच्या १० गुंठ्यांच्या पॉलिहाऊससाठी यंदा नोव्हेंबरात पुण्याकडील एका पुरवठादाराकडून लाँगिफ्लोरम लिलीचे थंडी दिलेले कंद मागवले. या लिलीच्या कंदाला ओलसर भुशात ४ ते ७ अंश सेल्सिअस तापमानात सुमारे ६ आठवडे ठेवल्यावरच तो वेळेवर आणि एकसारखा फुलतो. थंडी कमी पडली तर फुले उशिरा येतात, तर जास्त झाली तर ती लवकर येतात, पण कळ्यांची संख्या घटते. विदर्भात हे वेळापत्रक फार महत्त्वाचे, कारण मार्चचे ऊन तापण्याआधी फुले नागपूरच्या बाजारात पोहोचवावी लागतात.

बहुतेक क्रेट उत्तम निघाले. कंद टणक होते आणि मुळ्या पांढऱ्याशुभ्र होत्या. दोन क्रेटमधील कंदांना मात्र ठरल्यापेक्षा दोन आठवडे कमी थंडी मिळाल्याचे चौकशीअंती कळले, आणि ही गोष्ट आधी न सांगणे मला गंभीर वाटते. कोंब जमिनीवर दिसताच त्या वाफ्यांवर आम्ही रात्री १० ते २ साधे पिवळे बल्ब लावले, कारण या जातीत कमी पडलेल्या थंडीची भरपाई तितक्याच रात्रींच्या प्रकाशाने बऱ्याच अंशी होते. ते वाफे इतरांच्या जवळपास बरोबरीनेच फुलले. वीजबिल तेवढे वाढले.

कंदांच्या दर्जासाठी पुन्हा खरेदी करीन, परंतु प्रत्येक क्रेटवर थंडीच्या तारखा लिहून घेतल्याशिवाय नाही.