प्रीहीटर, आठ महिन्यांनंतर: कोक झकास, डांबराचं विचारू नका

काल रात्री डिकँटरचा (डांबर आणि पाणी वेगळं करणाऱ्या टाकीचा) गाळ ओढणारा स्क्रेपर तिसऱ्यांदा अडकला, म्हणून आज लिहायला बसलोय.

प्रीहीटर म्हणजे कोळसा कोकच्या भट्टीत भरण्याआधी तापवून सुकवणारं यंत्र. पहिले तीन महिने मी त्यावर बेहद्द खूश होतो. हिशेब साधा आहे. ब्लेंडमध्ये (कोळशांच्या मिश्रणात) १० टक्के ओलावा, म्हणजे २० टनांच्या चार्जमध्ये (भट्टीच्या एका भरणीत) २ टन पाणी. दर किलोची वाफ करायला साधारण २,२६० किलोज्यूल, तेही विटांच्या भिंतीतून ढकलायचे. ओल्या चार्जचा मधला भाग तासन्‌तास १०० अंशांवर अडून बसायचा. ब्लेंड २०० अंशांच्या वर तापवून भरायला लागल्यापासून ते थांबलं, कोकिंगचा वेळ उतरला. कोरडे दाणे दाट बसतात, त्यामुळे कमी चिकटणारा स्वस्त कोळसा वाढवूनही कोकची मजबुती टिकली. माझ्यासारख्या चिक्कू माणसाला आणखी काय हवं? भट्टीतला कोळसा सपाट करणाऱ्या लेव्हलरला तर कामच उरलं नाही, गरम कोळसा पाण्यासारखा पसरतो. (दाराच्या फटीतूनही तसाच गळतो. सील आधी बघून घ्या.)

आता डांबर. ओल्या कोळशातला बारीक चुरा पाण्याने धरून ठेवलेला असतो. तो सुकला की चार्जिंगच्या वेळी गॅसबरोबर उडतो आणि स्टँडपाइप, कलेक्टिंग मेन या गॅसच्या नळांतून डिकँटरमध्ये उतरतो. तळाशी असा गाळ, की फावडं रोवलं तर उभं राहतं! डांबर घेणारा नमुना बोटांत चोळतो आणि भाव पाडतो.

दीड महिना पुरवठादाराशी भांडलो. गॅसमधून कोळसा वेगळा करणारा सायक्लोन बदलून द्या, एवढाच माझा हेका. त्यांचा माणूस दर वेळी विचारायचा, "साहेब, तुमची हॅमर मिल किती बारीक दळते?" माझं डोकं फिरायचं. शेवटी त्याचं तोंड बंद करायला चाळण्या लावून बघितल्या, आणि माझंच तोंड बंद झालं. ओल्या कोळशाच्या जमान्यातलं दळण आम्ही तसंच चालू ठेवलं होतं. मिलचा वेग उतरवला, गाळ जवळजवळ निम्म्यावर आला.

तेव्हा निम्म्या शिव्या मागे घेतो. उरलेल्या नाही. गरम गॅसच्या झोतात दाणे आणखी फुटतात, हे विकताना कोणी बोललं नव्हतं.

ऑक्सिजन मीटरवर मात्र काटकसर करू नका, हे मी सांगतोय. आत हवा शिरली तर गरम चुऱ्याचा स्फोट होऊ शकतो; तो टळला तरी हवा लागलेला कोळसा चिकटायचं विसरतो.

१९७०च्या दशकात कोळसा तापवून भरायच्या प्रीकार्बन, कोलटेक अशा पद्धतींचा बोलबाला होता, पुढे काही बॅटऱ्या (कोक भट्ट्यांच्या रांगा) परत ओल्या कोळशावर गेल्या. मला ते लोक भित्रे वाटायचे. आता वाटतं, त्यांनीही डिकँटर उपसला असणार. जपानमध्ये ओलावा ५-६ टक्क्यांवर आणून थांबायची पद्धत रुजली; पुन्हा निवडायची वेळ आली तर मी आधी तिची चौकशी करेन.

स्क्रेपर दुपारी सुटला. चेन गेलीय. ती वॉरंटीत बसते का, यावर सकाळपासून फोन चालू आहेत.