बोटाचा ऑक्सिमीटर: लेकराच्या धापेला पुरतो का?

रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत आणि नाडी दाखवणारा, कोरोनात घरोघरी शिरलेला हा चिमटा. दोन बारीक पेन्सिल सेलवर चालतो. माझे गुण: मोठ्या माणसासाठी 5 पैकी 4, पाच वर्षांखालच्या लेकरासाठी जेमतेम 2.

पहिली अडचण मापाची. चिमट्यातला प्रकाश बोटातून आरपार जाऊन पलीकडच्या सेन्सरवर पडला पाहिजे. तान्ह्याचं बोट एवढं बारीक, की प्रकाश बाजूनेच निसटतो आणि आकडा भलताच येतो. पायाच्या अंगठ्याला लावून पाहता येतं, पण तान्ह्यासाठी पट्टीने गुंडाळायचा सेन्सरच हवा.

आकडा खोटा असल्याची खूण स्क्रीनवरच असते: नाडी. छातीला कान लावल्यावर ठोके 150 च्या घरात आणि यंत्रावर 75, तर शेजारचा ऑक्सिजनचा आकडाही सोडून द्या. हात गार असले, लेकरू हातपाय झाडत असलं, अंगणातलं ऊन थेट चिमट्यावर पडलं, की हे हमखास होतं. सावलीत, आईच्या मांडीवर, हात चोळून गरम करून लावा. स्क्रीनवरची नाडीची लाट एकसारखी झाली की अर्धा मिनिट थांबून मग वाचा.

खरा धोका चांगल्या आकड्याचा. न्यूमोनियाच्या सुरुवातीला 96-97 सहज दिसतो आणि घरचे म्हणतात, डब्बा (न्यूमोनिया) नाही, साधी सर्दी आहे. म्हणून आधी श्वास मोजा: झबलं वर करून, लेकरू शांत असताना, पूर्ण 1 मिनिट. 2 महिन्यांखाली 60, वर्षाखाली 50, पुढे पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त भरले तर त्याच दिवशी दवाखाना. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय, दूध ओढत नाही, तर चिमटा शोधत बसू नका. आकडा 90 च्या खाली आला तर 108 ला फोन करा, वाटेतच ऑक्सिजन लागतो.

जंतू कोणता, हे यंत्र सांगत नाही. न्यूमोकोकस हा जिवाणू असो की आरएसव्ही हा विषाणू, आकडा सारखाच पडतो. दोन आठवड्यांवर खोकला, वजन घटतंय, घरात टीबीचा पेशंट आहे, तर चांगल्या आकड्यावर विसंबू नका, टीबीची तपासणी करा. गडचिरोली-मेळघाटाकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची लेकरं आहेत. त्यांची प्लीहा (जंतूंशी लढणारा पोटातला अवयव) नीट काम करत नाही, न्यूमोकोकस त्यांना फार जड जातो, शिवाय यंत्राचा आकडाही थोडा चुकू शकतो. त्यांना ताप आणि धाप एवढंच दवाखान्यात निघायला पुरे.

घ्यायचाच तर लाट दाखवणारा घ्या. वापर नसताना सेल काढून ठेवा. पावसाळ्यात आतल्या पट्ट्या गंजतात.