फ्लॅटहेड उतरवून ३५० बसवलं, त्याला नऊ महिने झाले

गाडी १९३२ ची फोर्ड, पाच खिडक्यांची कूप. छप्पर आधीच्या मालकाने कापून खाली आणलेलं, पुढचे मडगार्ड काढलेले. आत फोर्डचंच २३९ घन इंचांचं फ्लॅटहेड व्ही-८ होतं, १९४९ नंतरच्या पिढीतलं, साधारण १०० हॉर्सपॉवरचं. ते उतरवून मी शेव्हरोलेचं ३५० स्मॉल ब्लॉक, म्हणजे ३५० घन इंचांचं आटोपशीर व्ही-८, बसवलं. आतापर्यंत ६,८०० किलोमीटर झाले.

फोर्डमध्ये शेव्हरोलेचं इंजिन टाकलं म्हणून बरेच जण नाराज झाले. त्यांची नाराजी मला कळते. १९३२ साली फोर्डने सामान्य माणसाच्या गाडीत २२१ घन इंचांचं, ६५ हॉर्सपॉवरचं व्ही-८ दिलं आणि हॉट रॉडची, म्हणजे जुन्या गाड्या वेगासाठी बदलून घेणाऱ्यांची, दुनिया त्या इंजिनावर वाढली. फ्लॅटहेडचा तो घुमणारा, खोल आवाज ३५० मधून येत नाही. नऊ महिन्यांनंतरही मला त्याची आठवण येते, रोज येते.

मग काढलं का? तापायचं म्हणून. फ्लॅटहेडमध्ये व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असतात आणि जळालेला वायू ब्लॉकच्या आतून, पाण्याच्या जॅकेटमधून वाट काढत बाहेर पडतो. एका बाजूच्या चार सिलिंडरांना बाहेर पडायला तोंडं तीनच, मधल्या दोघांचं एक. ती सगळी उष्णता पाण्यात उतरते. नवा रेडिएटर घातला, दोन्ही वॉटर पंप बदलले, ब्लॉकमधला गाळ काढला, तरी गर्दीत दहा मिनिटं अडकलो की काटा चढायचा. रस्त्यापेक्षा काट्याकडेच जास्त लक्ष असायचं.

इंजिन उतरवणं एका दिवसाचं काम. चेनकप्पीला लावलं, उचललं, झालं. खरा वेळ गेला तो त्याच्या आजूबाजूच्या प्रत्येक गोष्टीत. ३५० चा डिस्ट्रिब्यूटर (स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग) मागे, फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यातल्या पत्र्याला, चिकटून असतो. मूळ पत्रा कापायचा नाही हे ठरलेलं होतं, म्हणून छोट्या टोपीचा डिस्ट्रिब्यूटर, लहान लांबीचा वॉटर पंप आणि चपटा इलेक्ट्रिक पंखा घेतला. डिस्ट्रिब्यूटर आणि पत्रा यांच्यात आता बोटभर जागा आहे. फोर्डच्या ३०२ मध्ये डिस्ट्रिब्यूटर पुढे असतो, त्यामुळे हा प्रश्न आलाच नसता. पण ते पुढून जास्त जागा खातं आणि संपचा, म्हणजे खालच्या तेलाच्या टाकीचा, आकारही बघावा लागतो. एक्झॉस्टसाठी मेंढ्याच्या शिंगांसारखे वळलेले जुन्या पद्धतीचे ओतीव मॅनिफोल्ड लावले, कारण हेडर्स (प्रत्येक सिलिंडरला वेगळी नळी असलेले एक्झॉस्ट) स्टिअरिंगच्या शाफ्टला घासत होते. दिसायलाही तेच शोभतात.

वायरिंग पूर्ण नवीन. जुनी ६ व्होल्टची, त्यात पॉझिटिव्ह अर्थ. आता १२ व्होल्ट, निगेटिव्ह अर्थ. यात माझी एक चूक झाली. इंजिन ते चेसिस अर्थची जाड पट्टी मी बारीक घेतली. हेडलाइट लावला की तापमानाचा काटा उडी मारायचा आणि गाडी पुन्हा तापतेय या भीतीने मी दोनदा रस्त्याच्या कडेला थांबलो. पट्टी बदलली, काटा स्थिर झाला.

सगळ्यात जास्त छळलं ते थरथरीने. २,००० आरपीएमच्या पुढे सगळी बॉडी गुणगुणायची. मी प्रोपेलर शाफ्टचा कोन मोजत बसलो, क्रॉस जॉइंट बदलले, माउंटची रबरं बदलली. दोन आठवडे गेले. मग गाडी उभी असताना, न्यूट्रलमध्ये रेस देऊन पाहिलं, तरी थरथर तशीच! म्हणजे शाफ्टचा संबंधच नव्हता. हा ब्लॉक १९८६ नंतरचा, मागचं ऑइल सील एकसंध असलेला. अशा इंजिनाला बॅलन्सचं वजन लावलेली फ्लेक्सप्लेट, म्हणजे इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जोडणारी चकती, लागते. दुकानातून मिळालेल्या प्लेटची बोल्टची भोकं जुळली, पण तिच्यावर वजनच नव्हतं. गिअरबॉक्स पुन्हा खाली उतरवला. ही तपासणी मी पहिल्याच दिवशी करायला हवी होती: थरथर उभ्या गाडीत येते की फक्त चालताना, एवढं पाहिलं असतं तर दोन आठवडे वाचले असते.

गिअरबॉक्स ७००आर४, चार गिअरचा ऑटोमॅटिक. चौथा ०.७० चा ओव्हरड्राइव्ह (त्यात इंजिन शाफ्टपेक्षा हळू फिरतं), मागे ३.५० चं डिफरन्शिअल, त्यामुळे हायवेवर इंजिन शांत असतं. जुनी टॉर्क ट्यूब, म्हणजे प्रोपेलर शाफ्टभोवतीची बंद नळी, गेली, चेसिसचा मधला क्रॉसमेंबर नव्याने बनवावा लागला. या गिअरबॉक्सबद्दल एकच गोष्ट मनापासून सांगतो. कार्ब्युरेटरपासून त्याच्याकडे जाणारी टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल म्हणजे नुसती किकडाउनची, जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर खालचा गिअर पाडणारी, केबल नाही. आतल्या तेलाचा दाब ती ठरवते. ती सैल राहिली तर क्लच घसरतात आणि जळतात. माझ्या गाडीत गिअर फार लवकर आणि फार मऊ पडत होते, मला ते छानच वाटलं होतं. तेलाची पट्टी काढून वास घेतला तेव्हा पोटात गोळा आला. कार्ब्युरेटरच्या लिव्हरवर केबलची भूमिती जुळवणारा तुकडा बसवला, तेल बदललं, आणि गिअर ठणठणीत पडायला लागले. थोडक्यात वाचलो.

आता रोजचा अनुभव. थर्मोस्टॅट ८२ अंशांचा आहे, काटा ८५ च्या आसपास राहतो. भर उन्हात, गर्दीत ९३ पर्यंत गेला, पंखा लागला, परत आला. ३५० ची ताकद सुमारे २६० हॉर्सपॉवर आहे आणि एवढ्या हलक्या गाडीत ती भरपूर आहे, पण मला आनंद ताकदीचा नाही. मी आता तापमानाचा काटा न बघता लांब निघतो. मागच्या महिन्यात एका दिवसात ४२० किलोमीटर गेलो आणि एकदाही बॉनेट उघडलं नाही. एक त्रास उरला होता: गरम गाडी बंद करून पंधरा मिनिटांनी सेल्फ मारला की लवकर चालू व्हायची नाही, कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळायचं. त्याच्या खाली एक इंचाचा फेनॉलिक (उष्णता अडवणाऱ्या प्लॅस्टिकचा) स्पेसर घातला, आता पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात घेते. तेल गळतं थोडं, व्हॉल्व्ह कव्हरच्या पॅकिंगमधून. पेट्रोल फ्लॅटहेडपेक्षा जास्त पितं, यात शंका नाही.

कुणी हे करणार असेल तर ब्रेक आधी करा. १९३२ च्या फोर्डला मुळात रॉडवर चालणारे ब्रेक होते. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक १९३९ मध्ये आणले. माझ्या गाडीला ड्रम हायड्रॉलिक होते, पुढे डिस्क लावल्या. मास्टर सिलिंडर फरशीखाली, कॅलिपरपेक्षा खाली बसतो, म्हणून लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा २ पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह लागतो, नाहीतर तेल मागे उतरतं आणि पेडल पहिल्या दाबाला खोल जातं.

जुनं इंजिन विकलेलं नाही. उतरवल्यावर ब्लॉक तपासून घेतला, तर व्हॉल्व्हच्या सीटपासून सिलिंडरपर्यंत गेलेल्या दोन भेगा निघाल्या. ते स्टँडवर आहे, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडून महिन्यातून एकदा हाताने फिरवतो. भेग नसलेला ब्लॉक मिळाला की क्रँक आणि हेड त्याच्यात जातील. शोध चालू आहे.