सात नकाशे, एक घर : लातुरातील एका वास्तुविशारद कार्यालयाचा अनुभव

लातूरच्या बाहेरवळणाजवळ आमचा 40 बाय 60 फुटांचा भूखंड आहे. त्यावर सहा माणसांचे घर बांधायचे ठरल्यावर आम्ही शहरातील एका वास्तुविशारदाच्या कार्यालयाकडे नकाशाचे काम दिले. त्यांचे नाव येथे लिहीत नाही, कारण काम अजून सुरू आहे आणि शेवटचा हप्ता द्यायचा राहिला आहे. तळमजला 1350 आणि वरचा मजला 750 असे 2100 चौरस फुटांचे बांधकाम आहे. त्यांचा दर चौरस फुटाला 35 रुपये, म्हणजे एकूण फी 73,500 रुपये ठरली. आमच्या ओळखीतल्या अनेकांना ही रक्कम ऐकून हसू आले, कारण महापालिकेच्या परवानगीपुरता नकाशा आपल्याकडे फार कमी पैशांत, दोन दिवसांत मिळतो. पण तो नकाशा परवानगीसाठी असतो, राहण्यासाठी नव्हे, आणि या दोहोंतला फरक मला चौथ्या बैठकीनंतर उमगला. कार्यालयाची निवड करताना एक गोष्ट मात्र मी आधीच पाहिली होती. 1972 च्या वास्तुविशारद अधिनियमानुसार वास्तुविशारद परिषदेकडे नोंदणी असलेल्या व्यक्तीलाच ‘आर्किटेक्ट’ हे नाव लावता येते, आणि येथील मॅडमची नोंदणी होती.

पहिला नकाशा दिसायला देखणा होता आणि राहायला गैरसोयीचा. दिवाणखान्यातून आतल्या खोल्यांकडे जाणारा बोळ 22 फूट लांब आणि 4 फूट रुंद होता. त्या 88 चौरस फुटांत ना कोणी बसणार, ना कोणी झोपणार, आणि ठेकेदाराच्या चौरस फुटाला 1900 रुपयांच्या दराने त्यांची किंमत 1,67,200 रुपये होत होती. हा हिशेब मी कागदावर मांडून नेला, तेव्हा मॅडमनी वाद घातला नाही. खोल्यांची दारे एकमेकांसमोर आणून त्यांनी बोळ साडेसात फुटांवर आणला आणि वाचलेले 58 चौरस फूट सासूबाईंच्या खोलीला दिले. ती खोली 10 बाय 11 ची होती, ती 12 बाय 14 झाली. या कार्यालयाचा खरा गुण येथे दिसला. आपण हट्टाने एखादी भिंत सरकवायला सांगितली तर ते लगेच सरकवत नाहीत. ती भिंत का नको आहे, हे आधी विचारून घेतात.

सासूबाई 74 वर्षांच्या आहेत आणि तिसऱ्या बैठकीला त्या स्वतः आल्या. मॅडमनी त्यांना रंगीत नकाशा दाखवून खोल्या समजावून सांगितल्या. सगळे ऐकून घेतल्यावर सासूबाई म्हणाल्या, ‘‘ते समदं ऱ्हाऊ द्या, ज्वारीची पोती कुठं ठिवायची ते आधी दावा.’’ नकाशात स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात 4 बाय 4 ची एक चौकट होती आणि तिच्यावर ‘स्टोअर’ असे लिहिलेले होते. त्यात वर्षाची ज्वारी, तूर आणि लोणच्याच्या बरण्या मावणे शक्य नव्हते. ज्यांनी गावाकडच्या वाड्यात धान्य साठवायचे बळद पाहिलेले आहे, त्यांना ही चौकट म्हणजे थट्टाच वाटली असती. पुढच्या नकाशात 5 बाय 7 ची कोठीची खोली आली आणि तिला उत्तरेकडे वर झरोका मिळाला. त्याच बैठकीत मॅडमनी सासूबाईंना विचारले, ‘‘आजी, रात्री किती वेळा उठावं लागतं?’’ या एका प्रश्नातून पुढच्या बऱ्याच गोष्टी निघाल्या. खोलीला लागूनच न्हाणीघर आले, त्याचा उंबरा गेला, दार 3 फुटांचे झाले आणि ते बाहेर उघडणारे करण्यात आले. आत कोणी घसरून दाराला अडकून पडले, तर आत उघडणारे दार बाहेरून ढकलताही येत नाही, हे मला त्या दिवसापर्यंत कधी सुचले नव्हते.

जिन्याच्या बाबतीत मात्र मला भांडावे लागले. दोन मजल्यांमधली उंची साडेदहा फूट, म्हणजे 126 इंच आहे. पहिल्या नकाशात 7 इंच उंचीच्या 18 पायऱ्या होत्या. आम्ही 6 इंचांच्या 21 पायऱ्या आणि पाय ठेवायला 10 ऐवजी 11 इंचांचे पाऊल मागितले, तेव्हा दोन टप्प्यांत वळणाऱ्या जिन्याची लांबी अडीच फुटांनी वाढली आणि ते अडीच फूट दिवाणखान्यातून द्यावे लागले. माझ्या पतींना ते अजूनही खुपते. उन्हाळ्यात रात्री गच्चीवर झोपणारे आणि दिवसा तिथे कुरडया वाळवणारे आमचे घर आहे, त्यामुळे हा सौदा मला योग्यच वाटतो.

जिना कोणत्या दिशेला घ्यावा, यावर मॅडमनी दिलेले स्पष्टीकरण मी कधी विसरणार नाही. लातूर साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मे महिन्यात दुपारी बाराला सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर असतो आणि भिंतींना फारसे ऊन लागत नाही. घर तापते ते दुपारनंतर, कारण पश्चिमेकडून तिरपे येणारे ऊन छज्जा कितीही बाहेर काढला तरी त्याच्याखालून आत शिरते. वास्तुशास्त्राप्रमाणे घरच्या कर्त्यांची झोपण्याची खोली नैऋत्येला हवी, असा आमच्या चुलतसासऱ्यांचा आग्रह होता. पण दक्षिण आणि पश्चिम या दोन्ही भिंती बाहेरच्या असलेला तोच कोपरा रात्री अकरापर्यंत तव्यासारखा तापलेला राहतो. शेवटी जिना नैऋत्येला आणि दोन्ही न्हाणीघरे त्याला लागून पश्चिमेच्या ओळीत घेतली, जेणेकरून ऊन त्यांनी झेलावे आणि आमची खोली आत सावलीत राहावी. आग्नेयेचे स्वयंपाकघर मात्र तसेच ठेवले. आपल्याकडे वर्षातला बराच काळ वारा पश्चिमेकडून वाहतो, म्हणून फोडणीचा ठसका घरात न शिरता बाहेर जातो, तेव्हा तेथे शास्त्राशी भांडण्याचे कारणच नव्हते. चुलतसासऱ्यांची निम्मी समजूत तेवढ्याने पटली.

पाण्याचा विचार लातुरात नकाशाच्या वेळीच करावा लागतो. एप्रिल 2016 च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी ज्यांनी पाहिले, त्यांना हौदाचे माप कोणी सांगावे लागत नाही. आमचा भूमिगत हौद आतून 10 बाय 8 फूट असून पाण्याची खोली 6 फूट आहे, म्हणजे त्यात सुमारे 13,500 लिटर पाणी मावते. माणशी रोज 135 लिटर धरले, तरी सहा जणांना ते सोळा दिवस पुरेल. नकाशातील चूक अशी होती की हौदाचे झाकण बरोबर चारचाकीच्या पुढच्या चाकाखाली येत होते आणि टँकरचा पाइप टाकायचा तर दर वेळी गाडी बाहेर काढावी लागली असती. चौथ्या नकाशापर्यंत ही गोष्ट ना त्यांच्या लक्षात आली, ना आमच्या. ती शेवटी ठेकेदाराच्या मुकादमाला दिसली.

खांबांच्या जागांवर कार्यालयाने माझे एकही ऐकले नाही आणि तेच बरे झाले. वरच्या मजल्यावरची एक खोली मला चार फूट पुढे हवी होती, पण तसे केल्यास खालच्या तुळईचा आधार सुटून भिंत नुसत्या स्लॅबवर आली असती. सासूबाईंचे माहेर औसा तालुक्यातले. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा, भार अंगावर कोसळून माणसे कशी गाडली गेली, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे. भूकंपाआधी तो प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात गणला जात असे, आणि 2002 मध्ये भूकंपाविषयीच्या भारतीय मानकात सुधारणा झाल्यावर तो अधिक धोक्याच्या क्षेत्र तीनमध्ये गेला. हे सगळे बोलणे झाल्यावर माझी खोली पुढे सरकवण्याचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. आमच्या भूखंडात चार फूट काळी माती आहे आणि ती पावसात फुगते व उन्हात भेगाळते, म्हणून पाया मुरुमापर्यंत नेण्याची टीपही कार्यालयाने नकाशातच लिहिली.

आता तक्रारी. सगळ्यांत मोठी तक्रार नकाशांच्या नोंदीची आहे. सहावा नकाशा आम्ही मान्य केला, पण कोपऱ्यातल्या चौकटीत ना त्याचा क्रमांक होता, ना तारीख, आणि ठेकेदाराच्या मोबाइलमध्ये जुनाच नकाशा राहिला. आखणीच्या सकाळी मी टेप घेऊन गेले, तर फक्कीच्या पांढऱ्या रेघांत सासूबाईंची खोली 10 बाय 11 ची उभी होती आणि दोन खांबांचे खड्डे चुकीच्या जागी खणून झाले होते. सासूबाई त्या रेघांच्या आत जाऊन उभ्या राहिल्या, हात दोन्ही बाजूंना पसरले आणि काही न बोलता बाहेर आल्या. खड्डे मुरुमाने भरून पुन्हा खणण्याचे 6,500 रुपये मला द्यावे लागले. चूक नेमकी कोणाची, हे कार्यालय आणि ठेकेदार यांच्यात अजून ठरलेले नाही. तेव्हापासून मी स्वतः प्रत्येक जुन्या प्रतीवर लाल पेनाने ‘रद्द’ असे लिहिते. सातवा नकाशा केवळ या गोंधळातून निघाला आणि त्यावर मात्र तारीख होती.

नकाशात दाखवलेली खाट 5 बाय 6 फुटांची होती, आणि आमची खरी खाट 6 बाय साडेसहा फुटांची आहे, त्यामुळे कपाटाचे दार निम्मेच उघडले असते. ओसरीला लावलेला रॅम्प 2 फूट उंचीसाठी अवघा 8 फूट लांब होता. एकास बारा या प्रमाणाने त्याला 24 फूट लागतात, आणि 8 फुटांचा रॅम्प म्हणजे पोरांची घसरगुंडी. तो नंतर वळण देऊन दोन तुकड्यांत बसवला. दर्शनी बाजूच्या संगणकीय चित्रांचे पैसे वेगळे घेतले, आणि त्या चित्रांत पश्चिमेला काचेची उभी भिंत होती, जी ज्याने कोणी काढली त्याने लातूरचा मे महिना अनुभवलेला नसावा. महिन्याभरात होईल म्हणून सांगितलेले काम साडेतीन महिने चालले, पण त्यातले सहा आठवडे आमच्या घरातल्या मतभेदांत गेले, हेही मी मान्य करते.

ज्यांच्या घरात वयस्क माणसे आहेत, ज्यांना चार बैठका बसून प्रश्नांची उत्तरे द्यायची तयारी आहे आणि जे स्वतः टेप हातात घेऊन मापे तपासू शकतात, त्यांनी अशा कार्यालयाकडे जरूर जावे. केवळ परवानगीचा कागद हवा असेल तर एवढा खर्च करू नये. आमचे जोते पूर्ण झाले आहे. विजेच्या बोर्डांचा नकाशा अजून आलेला नाही, आणि सासूबाईंच्या उशाशी दिव्याचे बटण कोठे असेल हे त्यात दिसल्याशिवाय शेवटचा हप्ता मी दिलेला नाही.