पिप, यूव्ही की कोंडा: इन्स्टॉल अडलं की कोणाला हाताशी धरायचं

टीममध्ये नवीन आलेल्या मुलीने जुना पायथन प्रोजेक्ट क्लोन केला, रिक्वायरमेंट्स फाइल (लागणाऱ्या पॅकेजेसची यादी) चालवली आणि टर्मिनलभर लाल अक्षरं उमटली. शेवटच्या ओळीत ‘पीकेजीयूटिल’मध्ये ‘इम्पइम्पोर्टर’ नाही अशी तक्रार. तिचा प्रश्न: “दादा, हे पीकेजीयूटिल कुठून इन्स्टॉल करू?” आणि लगेच दुसरा: “सगळे म्हणतात पिप सोडा, यूव्ही घ्या. घेऊ का?” (पिप, यूव्ही आणि कोंडा ही पायथनची पॅकेजेस, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड, इन्स्टॉल करणारी साधनं.)

पहिल्याचं उत्तर ‘कुठूनच नाही’, पीकेजीयूटिल हे पायथनच्या आतलंच मॉड्यूल आहे. फाइलमध्ये नमपाय (आकडेमोडीचं पॅकेज) १.२४ होतं, लॅपटॉपवर पायथन ३.१२. त्या नमपायचं व्हील, म्हणजे आधीच बांधून ठेवलेलं पॅकेज, ३.१२ साठी निघालेलंच नाही. मग पिपने मुकाट्याने सोर्स कोड उतरवला आणि बांधायला घेतला. त्या बांधणीत वापरलं जाणारं जुनं सेटअपटूल्स (पॅकेज बांधणारं साधन) पायथनकडे ‘इम्पइम्पोर्टर’ मागत होतं, जे ३.१२ मधून काढून टाकलंय. दोष पायथन आणि पॅकेज यांच्या जोडीत, आणि एरर मात्र तिसऱ्याच्याच नावाने.

दुसऱ्या प्रश्नाला जरा वेळ लागतो, कारण इन्स्टॉल अडण्याची कारणं वेगवेगळी आहेत आणि प्रत्येक साधन त्यातलं थोडं थोडंच सोडवतं.

पिप आणि व्हीएन्व्ह

दोन्ही पायथनसोबतच येतात. व्हीएन्व्ह, म्हणजे प्रोजेक्टपुरतं वेगळं एन्व्हायर्नमेंट करून देणारं साधन, तर ३.३ पासून आहे. दोन पॅकेजेस तिसऱ्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्या मागत असतील, तर पिप आता ते स्पष्ट सांगतं. नोव्हेंबर २०२० च्या २०.३ आवृत्तीत नवा रिझॉल्व्हर (जुळणाऱ्या आवृत्त्या शोधणारा भाग) आला. त्याआधी पिप न जुळणाऱ्या आवृत्त्याही बसवून मोकळं व्हायचं आणि बोंब रन करताना कळायची. आता ‘रिझोल्यूशन इम्पॉसिबल’ म्हणून थांबतं आणि कोण काय मागतंय ते वर लिहितं. ते न वाचता पहिली ओळ गूगल करणारेच जास्त. जुन्या एन्व्हायर्नमेंटचा संशय असेल तर ‘पिप चेक’ चालवा, दोन सेकंदांचं काम आहे.

कमी पडतं ते दोन ठिकाणी. पिप तुम्हाला दुसरा पायथन आणून देत नाही. आणि ‘पिप फ्रीझ’ने मिळणारी बसवलेल्या पॅकेजेसची यादी सपाट असते: तुम्ही मागितलेली पाच पॅकेजेस कोणती आणि त्यांच्या मागून आलेली साठ कोणती, हे सहा महिन्यांनी तुम्हालाही सांगता येत नाही.

यूव्ही

ॲस्ट्रल या कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये आणलेलं, रस्ट या भाषेत लिहिलेलं. पिपच्या दहा ते शंभर पट वेगवान असा त्यांचा दावा आहे. वेग जाणवतो हे खरं, पण माझ्या दृष्टीने ती दुय्यम गोष्ट. मोठी सोय म्हणजे ‘मला पायथन ३.११ हवा’ म्हटलं की ते स्वतः उतरवून घेतं. वरच्या भानगडीत नेमकं हेच हवं होतं. शिवाय खरी लॉक फाइल (नेमक्या आवृत्त्यांची नोंद) मिळते, विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे चालणारी.

अजून एक पर्याय मला फार आवडतो: ‘एक्सक्लूड न्यूअर’. जून २०२४ मध्ये नमपाय २.० आलं आणि १.क्ष वर कंपाइल झालेली कितीतरी मॉड्यूल्स इम्पोर्ट करताच कोसळू लागली. इन्स्टॉल मात्र निर्विघ्न होत होतं, कारण रिक्वायरमेंट्समध्ये नुसतं ‘नमपाय’ लिहिलेलं. अशा प्रोजेक्टला १ जून २०२४ ही तारीख दिली की त्या दिवशी उपलब्ध असलेल्याच आवृत्त्या मिळतात. नंतर शांतपणे ‘नमपाय दोनपेक्षा खालचं’ अशी अट लिहावी.

पण दोन खड्डे आहेत. यूव्हीने बनवलेल्या एन्व्हायर्नमेंटमध्ये पिप नसतं. सवयीने ‘पिप इन्स्टॉल’ टाइप केलं की भलत्याच पायथनचं पिप धावतं, पॅकेज तिकडे बसतं आणि इकडे ‘मॉड्यूल नॉट फाउंड’. माझा अर्धा तास यात गेलाय. ‘यूव्ही पिप इन्स्टॉल’ म्हणायचं असतं. दुसरा खड्डा ऑफिसातल्या खासगी इंडेक्सचा, म्हणजे पॅकेजेसच्या साठ्याचा. पॅकेजचं नाव ज्या इंडेक्सवर पहिल्यांदा सापडेल तिथेच यूव्ही थांबतं, पुढच्याकडे बघत नाही. सुरक्षेसाठी ते योग्यच, पण पिपला सापडणारी आवृत्ती याला सापडत नाही आणि माणूस चक्रावतो.

आणि हेही लक्षात घ्या, व्हील्स दोघं एकाच पायपीआयवरून, म्हणजे पायथनच्या सार्वजनिक इंडेक्सवरून, घेतात. तिथे तुमच्या पायथनसाठी व्हील नसेल, तर पिप जिथे आपटतं तिथेच यूव्हीही आपटणार. फक्त लवकर.

कोंडा

कोंडा वेगळ्या जातीचं आहे, कारण ते पायथनबाहेरच्या लायब्रऱ्याही आणतं. नकाशांचं काम करणाऱ्यांना जीडाल ठाऊक असेल. पिपने बसवायला जा: मशीनवर आधी जीडालची सी++ लायब्ररी हवी आणि दोन्हींच्या आवृत्त्या जुळायला हव्यात. विंडोजवर तर यापायी लोकांनी वीकेंड घालवलेत. कोंडा-फोर्ज या चॅनलवरून (कोंडाच्या पॅकेजेसच्या साठ्यावरून) हेच एका कमांडमध्ये होतं. असलं काम असेल तर पुढचं वाचूही नका, कोंडा घ्या.

नसेल, तर मी टाळतो. एन्व्हायर्नमेंट जड होतं, आणि कोंडात पिप मिसळलं की हिशेब बिघडतो. मिसळणं भागच असेल तर आधी सगळं कोंडाने, शेवटी पिपने, आणि त्यानंतर परत कोंडा इन्स्टॉल नाही. ‘सॉल्व्हिंग एन्व्हायर्नमेंट’वर तासभर फिरणारी काडी मात्र आता बरीचशी इतिहासजमा, २०२३ च्या २३.१० आवृत्तीपासून लिबमाम्बा हा वेगवान सॉल्व्हर डीफॉल्ट आहे. कंपनीत दोनशेहून जास्त माणसं असतील तर ॲनाकोंडा कंपनीच्या डीफॉल्ट चॅनलला पैसे पडतात, म्हणून मिनीफोर्ज (कोंडाचाच इन्स्टॉलर) बसवा. ते कोंडा-फोर्जच वापरतं.

काही ठिकाणी तिघंही हात टेकतात. विंडोजवर थेट टेन्सरफ्लोला (मशीन लर्निंगच्या लायब्ररीला) जीपीयू द्यायचाय? तो आधार २.१० नंतर बंद झाला. डब्ल्यूएसएलमध्ये, म्हणजे विंडोजमधल्या लिनक्समध्ये, जावं लागतं, साधन कुठलंही असो. आणि उबुंटूवर ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ दिसलं तर ती मुळात बिघाडाची खूणच नाही. सिस्टिमच्या पायथनला हात लावू नका, वेगळं एन्व्हायर्नमेंट करा, एवढंच ते सांगतंय. त्यावर ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ हा फ्लॅग सुचवणारे भेटतील. त्याचं नाव एकदा सावकाश वाचा.

आमच्या त्या प्रोजेक्टला यूव्हीने ३.११ चं एन्व्हायर्नमेंट दिलं, रिक्वायरमेंट्स फाइल होती तशीच वापरली, आणि चहा येईपर्यंत ॲप उठलं. सर्व्हरवर अजून पिपच आहे. तिथे सगळं चालतंय तोवर मी बदलणार नाही. नमपाय १.२६ वर नेऊन पायथन ३.१२ घेण्याचं तिकीट तिच्याच नावावर टाकलंय.