शिवाजी पार्क की फाइव्ह गार्डन्स?

मुंबईत दादर-माटुंगा भागात घर बघताय आणि या दोन्हींत अडकलात? रोज चालायचं असेल तर शिवाजी पार्कच. मैदानाभोवतीच्या कट्ट्याला लागून साधारण सव्वा किलोमीटरची फेरी, मध्ये एकही रस्ता ओलांडावा लागत नाही. दमलात की कट्ट्यावर टेका. संध्याकाळी गप्पांना माणसं हमखास भेटतात. पण पाऊस ओसरला की मैदानातली लाल माती उडते. मैदानासमोरच्या घरात खिडक्या दिवसातून दोनदा पुसाव्या लागतात. दसऱ्याला मेळाव्याची आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीची गर्दी, तेव्हा गाडी बाहेर काढूच नये.

माटुंग्याजवळच्या फाइव्ह गार्डन्सला सावली दाट, गोंगाट कमी. बागा पाच, त्यामुळे मधले रस्ते ओलांडावे लागतात. शेजारी रुईया, पोद्दार, व्हीजेटीआय. मुलं चालत कॉलेजला. जोरदार पावसात मात्र जवळचे किंग्ज सर्कल, हिंदमाता पाण्याने तुंबतात.

दोन्हीकडे जुन्या इमारतीत आधी लिफ्ट बघा. आई-वडील सोबत असतील तर सावली आणि शांततेसाठी आम्ही फाइव्ह गार्डन्स सुचवू.